मात्तेओ रिची, शू ग्वांगची आणि बिघडलेलं चिनी पंचांग

अक्षांश

सप्टेंबर 1578 मध्ये लिस्बनहून आलेल्या जहाजांतून जे जेझुइट (या कॅथलिक धर्मसंघाचे) पाद्री गोव्याला उतरले, त्यांत हे तीन इटालियनही होते. रुदोल्फो आक्वाविवा पुढे फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात गेला, परत आला आणि 1583 मध्ये गोव्यातल्याच सासष्टीत कुंकळ्ळीला मारला गेला. मिकेले रुज्जेरी आणि मात्तेओ रिची हे दोघे मकावमार्गे चीनला गेले. पैकी रिचीचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मला मात्र या धाग्यात त्याच्याइतकंच त्याच्या चिनी सहकाऱ्यांबद्दल बोलायचं आहे. 'मिशनऱ्यांनी चीनला विज्ञान शिकवलं' हे वाक्य आपण सगळीकडे वाचतो आणि ते अर्धंच खरं आहे.

रिची इटलीतल्या माचेरात्ताचा, जन्म 1552 चा. रोममध्ये तो ख्रिस्तोफर क्लावियसकडे गणित शिकला. 1582 मध्ये पोप ग्रेगरीने जे नवं कॅलेंडर लागू केलं, त्याच्या गणितामागचा हा मोठा माणूस. त्याच वर्षी रिची गोव्याहून मकावला पोचला आणि चिनी शिकायला बसला. तशी सक्ती आलेस्सांद्रो वालिन्यानोची होती. पूर्वेकडच्या सगळ्या जेझुइट कामाची देखरेख त्याच्याकडे होती आणि आधी भाषा शिका, बाकीचं मग, असा त्याचा दंडक होता.

1583 मध्ये रुज्जेरी आणि रिची ग्वांगडोंगमधल्या झाओचिंगला राहायला गेले. सुरुवातीची काही वर्षं ते बौद्ध भिक्षूंसारखे कपडे घालून, डोकं भादरून वावरत. कालांतराने रिचीच्या लक्षात आलं की अधिकारी आणि विद्वान मंडळी भिक्षूंना फारसा मान देत नाहीत. 1595 च्या सुमारास त्याने वेश बदलला. दाढी वाढवली, कन्फ्यूशियन पंडिताचा रेशमी झगा चढवला आणि चौघे पंडित भेटल्यावर जे बोलतात ते बोलायला लागला. नानचांगमध्ये त्याने मैत्रीवर चिनीत एक छोटं पुस्तक लिहिलं, ते हातोहात गेलं. चिनी अक्षरांची लांबलचक यादी एकदा वाचून तो ती सरळ आणि उलट म्हणून दाखवायचा. परीक्षांसाठी आयुष्यभर घोकंपट्टी करणाऱ्या समाजात याचा केवढा दबदबा झाला असेल!

जानेवारी 1601 मध्ये तो बीजिंगला पोचला. वानली सम्राटाला त्याने ठोके देणारी घड्याळं आणि एक तंतुवाद्य भेट दिलं. सम्राट त्याला कधीच भेटला नाही. पण घड्याळाला चावी द्यायला आणि ते बंद पडलं तर चालू करायला कुणीतरी लागणारच. रिचीचं राजधानीतलं बस्तान बसलं त्यात या घड्याळाचा वाटा फार मोठा आहे. पुढे शांघायचे घड्याळजी त्याला आपल्या धंद्याचा देव मानून पुजू लागले.

आता शू ग्वांगची. शांघायचा, जन्म 1562 चा. परीक्षांत पुन्हा पुन्हा नापास होत होत तो 1604 मध्ये सर्वोच्च परीक्षा पास झाला. आदल्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला होता, नाव पॉल. बीजिंगमध्ये तो रोज रिचीच्या घरी जाऊन तीन-चार तास बसायचा. समोर क्लावियसने संपादित केलेला लॅटिन युक्लिड, म्हणजे भूमितीचा प्राचीन ग्रीक ग्रंथ. रिची तोंडी अर्थ सांगणार, शू तो अभिजात चिनीत उतरवणार, मग दोघे पुन्हा पहिल्यापासून तपासणार. असं तीनदा फिरवून 1607 मध्ये युक्लिडची पहिली सहा पुस्तकं चिनीत छापली गेली. जे मुळात त्या भाषेत नव्हतं ते असं लिहायचं की चिनी वाचकाला ते परकं वाटू नये, हे काम रिचीला एकट्याला सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून मला या पुस्तकावर दोघांची नावं बरोबरीने हवी वाटतात.

त्याच वर्षी शूचे वडील वारले. रिवाजाप्रमाणे पद सोडून तो सुतकासाठी शांघायला गेला आणि 1610 पर्यंत तिथेच राहिला. त्या काळात त्याने काय केलं असेल? रताळी लावली. दक्षिण अमेरिकेतलं हे कंदमूळ तेव्हा चीनमध्ये नवंच होतं. दुष्काळात माणसं जगवील म्हणून त्याने शांघायच्या हवेत ते वाढवून पाहिलं आणि त्यावर पुस्तिका लिहिली. शेतीवरचा त्याचा महाग्रंथ मृत्यूनंतर, 1639 मध्ये छापला गेला. असा हा माणूस, युक्लिड आणि रताळं दोन्ही सारख्याच तन्मयतेने हाताळणारा. रिची मात्र मे 1610 मध्ये बीजिंगमध्येच वारला.

आणि आता पंचांग. चीनमध्ये पंचांग काढणं हा सम्राटाचा अधिकार होता, खाजगीत काढायला बंदी. सम्राट स्वर्गाचा पुत्र, तेव्हा ग्रहण सांगितल्या वेळी लागलं नाही तर प्रश्न थेट त्याच्या अधिकारावर यायचा. मिंग घराण्याचं दातोंग पंचांग मुळात 1281 च्या गणितावर चाललेलं आणि सतराव्या शतकापर्यंत त्यात चुका साचल्या होत्या. राजधानीत मुसलमान ज्योतिष्यांची वेगळी शाखाही पूर्वापार होती, म्हणजे बाहेरचं गणित चीनला नवीन नव्हतंच. 21 जून 1629 च्या सूर्यग्रहणासाठी दातोंग, मुसलमानी आणि पाश्चात्त्य अशा तिन्ही पद्धतींनी वेळा काढल्या गेल्या. पाश्चात्त्य गणित बरोबर आलं. मग सम्राटाने शू ग्वांगचीकडे पंचांगसुधारणेचं काम दिलं. योहान श्रेक, जाकोमो रो, आदाम शाल हे जेझुइट त्याच्या हाताखाली बसले. हाताखाली, हे पुन्हा सांगतो. शूने धोरण असं मांडलं होतं की त्यांचा माल वितळवायचा आणि आपल्या दातोंगच्या साच्यात ओतायचा. तो 1633 मध्ये गेला, पण 1634 पर्यंत 137 खंडांचं काम तयार झालं. मिंग बुडाले ते पंचांग न वापरताच. 1645 मध्ये मिंगांनंतर गादीवर आलेल्या मांचूंनी तेच नव्या नावाने लागू केलं.

माझं म्हणणं एवढंच: ही देवाणघेवाण तोवर चालली जोवर पाहुणे विद्यार्थी व्हायला तयार होते आणि काय घ्यायचं, कुठल्या साच्यात घ्यायचं हे यजमान ठरवत होते. तुम्हाला काय वाटतं?

---

रायबंदरकर

लेख आवडला, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. हेच जेझुइट, हीच वर्षं, आणि आमच्या गोव्यात काय चाललं होतं? 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली. तुम्ही आक्वाविवाचं नाव घेतलंत, त्याच्या मृत्यूनंतरचंही सांगा. कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. चीनमध्ये रेशमी झगा आणि मैत्रीवर पुस्तक, इथे हे. कारण उघड आहे. तिथे त्यांच्यामागे तोफा नव्हत्या. मकाव सुद्धा पोर्तुगीज चिन्यांना भाडं भरून वापरत होते. ज्याच्या हातात सत्ता नाही तो गोड बोलणारच. त्यामुळे रिचीच्या नम्रतेचं मला तरी फार कौतुक वाटत नाही.

अक्षांश

रायबंदरकर, तोफांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वेश कुठे आणि का बदलला गेला, हे त्यावाचून समजतच नाही. उद्देश धर्मप्रसाराचा होता हेही लपवण्यासारखं नाही, रिचीने स्वतः ते कधी लपवलं नाही.

फक्त माणसामाणसांत फरक होता असं मला वाटतं. नोव्हेंबर 1581 मध्ये गोव्याहूनच रिचीने रोमच्या मुख्य अधिकाऱ्याला एक पत्र लिहिलं आहे. भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे वरचे वर्ग बंद करायचं गोव्यात ठरलं होतं, शिकले की डोक्यावर बसतील म्हणून. रिचीने त्याला स्पष्ट विरोध केला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, कुठल्या पदावर नव्हता आणि चीन अजून पाहिलाही नव्हता. तो निर्णय घेणारेही त्याच संघातले आणि विरोध करणारा हाही त्याच संघातला.

शिवाय फादर स्टीफन्स ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला आला, म्हणजे रिचीच्याच काळात. 1616 मध्ये रायतूरला छापलेलं त्याचं क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे, कारण धर्मांतरित लोकांना पुराणांची उणीव भासत होती. सत्ता हातात असलेल्या गोव्यातही लोकांच्या मनापर्यंत पोचायला शेवटी ओवीच लागली.

रायबंदरकर

पुराणं आधी काढून घेतली म्हणूनच उणीव भासत होती ना? स्टीफन्सच्या मराठीबद्दल मला आदर आहे, घरात पोथी आहे. पण क्रम विसरू नका. पत्राचं माहीत नव्हतं, त्याबद्दल आभार.

गणितवाला

अक्षांश, युक्लिडबद्दल थोडी भर घालतो.

सहाच पुस्तकं का, तर शूला पुढे जायचं होतं, रिची म्हणाला एवढी लोकांच्या पचनी पडतात का ते आधी बघू. पुढची नऊ पुस्तकं चिनीत यायला 1857 उजाडलं. ते काम ली शानलान हा गणिती आणि अलेक्झांडर वायली हा प्रोटेस्टंट मिशनरी यांनी मिळून केलं. म्हणजे अडीचशे वर्षांनी पुन्हा तीच जोडी, एक इकडचा, एक तिकडचा.

आपल्याकडे युक्लिड संस्कृतात आला तो सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाच्या 'रेखागणिता'तून. हा पंडित परंपरेनुसार महाराष्ट्रातला. त्याने युरोपीय प्रत घेतली नाही, नासिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून सगळी पंधरा पुस्तकं केली. विशेष म्हणजे जयसिंगाकडेही जेझुइट येत होते आणि त्याने पोर्तुगालला माणसं पाठवून तक्ते मागवले होते.

सगळ्यात विलक्षण गोष्ट बीजगणिताची. मिंगांच्या आधीच्या सोंग-युआन काळात चिनी गणितज्ञांनी समीकरणं मांडायची स्वतःची उत्तम पद्धत काढली होती. मिंग काळात ती वाचता येणारं कुणी उरलं नाही. पुढे मांचू घराण्यातला कांगशी सम्राट जेझुइटांकडून युरोपीय बीजगणित शिकला आणि त्याने ते मेई ज्युएचेंग या गणितज्ञाला दाखवलं. ते समजल्यावर मेईने जुने चिनी ग्रंथ उघडले तर त्यांत हेच! परक्या गणितामुळे स्वतःच्याच पूर्वजांचं लेखन पुन्हा वाचता आलं. 'कुणी कुणाला शिकवलं' हा प्रश्न इथे पार बदलून जातो.

शेंडेफळ

वा, मेईची गोष्ट पहिल्यांदाच वाचली. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पटवर्धनी पंचांग काढलं त्याची आठवण झाली. आकडे तिकडचे, तिथी-नक्षत्र आपलं. शू ग्वांगचीचा साचा तो हाच.

उत्तरायण

कामानिमित्त बीजिंगला राहत होतो तेव्हा जुनी वेधशाळा पाहिली आहे. जिआंग्वोमेनजवळ जुन्या तटबंदीच्या बुरुजावर आहे ती. खाली सहापदरी रस्ता आणि वर गच्चीत माणसापेक्षा उंच ब्राँझची यंत्रं. बहुतेक 1673 मध्ये पूर्ण झालेली, फर्डिनांड व्हर्बीस्ट या बेल्जियन जेझुइटाने करवून घेतलेली. एका यंत्राची अख्खी कडी पाठ कमानीसारखी वाकवून उभ्या असलेल्या ड्रॅगनने पेलली आहे. ड्रॅगनचे खवले, मिशा, पंजे इतके बारकाईने केलेत की ओतणारे कारागीर चिनी होते हे सांगावं लागत नाही. आणि त्याच कडीवर जवळून पाहिलं तर अंशांच्या खुणा 360. चिनी परंपरेत वर्तुळाचे भाग तीनशे सव्वापासष्ट असत, सूर्याच्या रोजच्या चालीवरून. यंत्राचा देह चिनी, मोजमाप युरोपीय.

व्हर्बीस्टला हे काम मिळालं त्यामागे रक्तरंजित प्रकरण आहे, ते लेखात यायला हवं होतं. 1664 मध्ये यांग ग्वांगशियान नावाच्या माणसाने आदाम शालवर कटाचा आणि चुकीच्या मुहूर्ताचा आरोप ठेवला. शालला मृत्युदंड सुनावला गेला. 1665 मध्ये भूकंप झाला, तो अपशकुन मानून शालला सोडलं, पण पाच चिनी ख्रिस्ती ज्योतिष्यांचा शिरच्छेद झाला. त्यांत ली झुबाई होता. परदेशी वाचला, चिनी मेले. यांगचं म्हणणं होतं की चांगलं पंचांग नसलं तरी चालेल, पण चीनमध्ये पाश्चात्त्य माणूस नको. डिसेंबर 1668 मध्ये चौदा वर्षांच्या कांगशीने परीक्षाच लावली. भर दुपारी शंकूची, म्हणजे उभ्या खांबाची, सावली किती लांब पडेल ते आधी सांगा. तीन दिवस मोजमाप झालं, व्हर्बीस्ट तिन्ही दिवस बरोबर ठरला.

आणखी एक. 1900 च्या परदेशीविरोधी बॉक्सर बंडानंतर जर्मन आणि फ्रेंच फौजांनी ही यंत्रं लुटली. फ्रेंचांनी वकिलातीतून लवकर परत केली. जर्मनांनी त्यांच्या वाट्याची पॉट्सडॅमला राजवाड्याच्या आवारात नेऊन मांडली. व्हर्सायच्या तहात ती परत करण्याचं वेगळं कलम आहे. 1921 मध्ये ती बीजिंगला आली.

गणितवाला

उत्तरायण, फार सुंदर. पण त्या यंत्रांत दुर्बीण नाही हेही नोंदवू या. ती टायको ब्राहे या युरोपीय खगोलशास्त्रज्ञाच्या नमुन्यावर आहेत, नुसत्या डोळ्यांनी वेध घ्यायची. आणि 1616 मध्ये रोमने कोपर्निकसला बंदी घातल्यामुळे जेझुइटांनी चीनमध्ये दीडशे वर्षं टायकोचीच पृथ्वीकेंद्री रचना शिकवली. सूर्यकेंद्री मांडणी नीटपणे दरबारापुढे आली ती 1760 च्या दशकात, मिशेल बेन्वाकडून. जे दिलं ते खरं होतं, पण ते गाळून दिलं गेलं, आणि गाळणी रोमची होती. चिनी ज्योतिष्यांना याची कल्पनाही नव्हती, हे मला अजून खुपतं.

मृदुला_पुणे

चीनने काय घेतलं ते कळलं. युरोपने काय घेतलं?

अक्षांश

भरपूर. रिचीची टिपणं त्रिगो या जेझुइटाने लॅटिनमध्ये करून 1615 मध्ये छापली, ती युरोपभर वाचली गेली. 1687 मध्ये पॅरिसला फिलिप कुप्ले आणि सहकाऱ्यांनी कन्फ्यूशियसचं लॅटिन भाषांतर काढलं. कुप्लेबरोबर शेन फूत्सोंग नावाचा चिनी तरुण युरोपला गेला होता. तो चौदाव्या लुईला भेटला, ऑक्सफर्डला जाऊन तिथल्या चिनी पुस्तकांची यादी करायला मदत केली, आणि इंग्लंडच्या राजाने त्याचं चित्र काढून घेतलं. जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिट्झने 1697 मध्ये लिहिलं की चीनने आमच्याकडे मिशनरी पाठवावेत, कसं जगावं ते शिकवायला. जोआकिम बुव्हे या जेझुइटाने त्याला यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातल्या चौसष्ट आकृत्या पाठवल्या, त्यांत त्याला आपली द्विमान अंकपद्धती दिसली.

आणि चिनी माती. दाँत्रकोल या जेझुइटाने 1712 आणि 1722 मध्ये जिंगदेझेनहून लांबलचक पत्रं लिहून पोर्सेलीन कसं करतात ते पायरीपायरीने कळवलं. माहिती देणारे त्याच्याच चर्चमधले कारागीर होते. त्यांच्या पोटावर पाय येईल याचा त्याने विचार केला का, हा प्रश्न मला पडतो.

कुपारी_वसई

रीतिरिवाजांचा वाद तुम्ही गाळलात, तो मी लिहितो. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांना तो जवळचा आहे.

चिनी घरात पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी असते. तिच्यापुढे उदबत्ती लावायची, अन्न ठेवायचं, कपाळ जमिनीला टेकवायचं. अधिकाऱ्यांना कन्फ्यूशियसच्या देवळातही असंच करावं लागे. रिचीच्या मते हा वडीलधाऱ्यांचा मान, पूजा नव्हे, म्हणून ख्रिस्ती झालेल्यांना चालेल. नंतर आलेल्या डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या मते ही मूर्तिपूजाच. रोमने 1645 मध्ये नाही म्हटलं, 1656 मध्ये चालेल म्हटलं, 1704 मध्ये पुन्हा बंदी, 1715 आणि 1742 मध्ये ती पक्की. 1700 मध्ये खुद्द कांगशीने लिहून दिलं होतं की हे विधी नागरी स्वरूपाचे आहेत. ज्यांच्या घरातला विधी त्यांचा सम्राट सांगतोय, तरी ऐकलं नाही! 1706 मध्ये मेग्रो हा बिशप कांगशीपुढे आला. सिंहासनामागची चार अक्षरं वाच म्हटल्यावर त्याला एकच वाचता आलं. सम्राट संतापला: अक्षरओळख नाही आणि चीनच्या मार्गावर मतं देतोस? त्यानंतर रिचीच्या रीतीने वागू असं कबूल करणाऱ्यालाच राहायचा परवाना मिळू लागला. 1724 मध्ये पुढचा सम्राट योंगझेंग याने ख्रिस्ती धर्मावरच बंदी घातली.

भारताशी नातं असं की पोपचा जो दूत, तुर्नों, चीनला बंदी घेऊन गेला, तो वाटेत पाँडिचेरीला थांबला होता आणि 1704 मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींवरही त्याने बंदी घातली. गोव्यात 1736 मध्ये इन्क्विझिशनने लग्नातल्या, घरातल्या प्रथांची यादी काढून मनाई केली. एकाच पिढीत तिन्ही ठिकाणी तेच.

चीनवरची बंदी 1939 मध्ये उठली. आमच्या म्हाताऱ्या बायकांनी लाल लुगडं सोडलं नाही, गाणी मराठीत आणि कुपारी या आमच्या बोलीत राहिली. कुणी कागद काढून दिला म्हणून नव्हे, बायकांनी सोडलं नाही म्हणून.

रायबंदरकर

कुपारीभाऊ, शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा.

तळ्याकाठी

एकोणिसाव्या शतकावर कुणी बोललं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. त्याच छापखान्यात त्याचा सहकारी जोशुआ मार्शमन चिनी बायबल करत होता, ते 1822 मध्ये पूर्ण झालं. हा झाला कौतुकाचा भाग. दुसरा भाग: 1832 मध्ये गुट्झलाफ हा मिशनरी जार्डिन कंपनीच्या अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून चीनच्या किनाऱ्याने फिरला. एका बाजूने पेट्या उतरत होत्या, दुसऱ्या बाजूने धर्मपुस्तिका वाटल्या जात होत्या. त्या व्यापारातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची, मुंबईतल्या कितीतरी मोठ्या घराण्यांचा पैसा तिथला आहे. 1858 च्या तहाने मिशनऱ्यांना अंतर्भागात जायची मोकळीक मिळाली ती तोफांच्या जोरावर. रायबंदरकरांचा मुद्दा इथे चीनमध्येच सिद्ध होतो. तोफा आल्या आणि रिचीची रीत संपली.

मृदुला_पुणे

सगळे पुरुषच. चिनी बायका कुठे होत्या?

अक्षांश

होत्या. शू ग्वांगचीची नात, कँडिडा शू, जन्म 1607, ज्या वर्षी आजोबांचा युक्लिड छापला गेला. पुढे विधवा झाली. मुली आणि दासींना घेऊन रेशमाचं, भरतकामाचं काम करून तिने पैसा उभा केला, त्यातून जिआंगनानमध्ये चर्चं बांधली, पुस्तकं छापायला मदत केली. 1680 मध्ये वारली. वर उल्लेख आलेला कुप्ले तिचा धर्मगुरू. त्याने लिहिलेलं तिचं चरित्र 1688 मध्ये पॅरिसला फ्रेंचमध्ये आलं. एका घरंदाज चिनी बाईचं चरित्र तेव्हा युरोपात वाचलं जात होतं. तिच्यावर स्वतंत्र धागा काढतो. तळ्याकाठी, तुम्ही अफूवर काढाल का? मुंबईची बाजू तुम्हाला जास्त ठाऊक दिसते.

तळ्याकाठी

काढतो. दमणमार्गे होणाऱ्या चोरट्या व्यापारापासून सुरुवात करीन.